नर डिकॉय (नकली हरीण) लावला, पण बक (खरा नर) ६० यार्डांवरून वळून गेला. डिकॉय कुठे आणि कसा ठेवायचा?

कडेकपारी

नमस्कार मंडळी. मी विस्कॉन्सिनच्या नैऋत्य भागात, ड्रिफ्टलेस म्हणतात त्या टेकड्यांमध्ये, एका शेतकऱ्याच्या परवानगीने धनुष्याने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांची शिकार करतो. (भारतात शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहेच. प्रश्न इथल्या परवान्याच्या हंगामापुरता आहे.) कंपाउंड बो (चाकांचं आधुनिक धनुष्य) वापरतो आणि २५ यार्डांपलीकडे बाण सोडत नाही.

यंदा पहिल्यांदाच डिकॉय घेतला. पूर्ण अंगाचा, कडक प्लास्टिकचा नर, दोन्ही शिंगं लावलेला. जागा अशी आहे: कापणी झालेलं सोयाबीनचं शेत, उत्तरेला चढावर ओकचं रान, दक्षिणेला उतार आणि खाली ओढा. ट्रीस्टँड (झाडावरची बैठक) उत्तरेच्या काठावरच्या ओकवर. वारा बहुतेक वेळा वायव्येचा. डिकॉय शेतात ३५ यार्डांवर, माझ्या आग्नेयेला ठेवला होता, तोंड रानाकडे. हरणं रानातूनच बाहेर येतात, तेव्हा त्यांना तो समोरून दिसावा असा विचार होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी आधी माद्या बाहेर आल्या. डिकॉयकडे टक लावून बघत राहिल्या, मान वरखाली केली, पुढचा पाय आपटला, नाकातून जोराचा फुत्कार टाकला आणि सगळ्या रानात परत. नंतर एका संध्याकाळी पश्चिमेकडून शिंगांना आठ टोकं असलेला मोठा नर आला. डिकॉय दिसल्याबरोबर कान मागे, केस उभे, पाय ताठ ठेवून एकेक पाऊल टाकत ६० यार्डांपर्यंत आला. तिथून सरळ न येता ओढ्याच्या बाजूने लांब वळसा घेतला, आणि डिकॉयच्या पलीकडे पोचल्यावर एकदम उसळी मारून पळाला.

डिकॉयचं तोंड कुठे हवं? किती अंतरावर ठेवायचा? नर बरा की मादी? आणि हंगामभर लावायचा की ठरावीक दिवसच?

तळ्याकाठी

३५ यार्ड फार झाले. तुम्ही २५ पर्यंतच बाण मारता, मग डिकॉय २० वर हवा. बाकी जाणकार सांगतीलच. पण सुरक्षिततेवर मला नंतर लिहायचं आहे, ते वाचल्याशिवाय पुन्हा लावू नका.

ओकवरचा

कडेकपारी, तुम्ही वारा, चढ-उतार, हरणाची चाल सगळं लिहिलंत, म्हणून उत्तर देता येतंय. मी नदीच्या पलीकडे ईशान्य आयोवात, मिसिसिपीच्या कड्यांवर बरीच वर्षं धनुष्य घेऊन बसतो. जमीन तुमच्यासारखीच: माथ्यावर शेत, उतारावर ओक, तळाला पाणी. डिकॉयवर चालून येणारा नर झाडावरून बघण्यासारखं दुसरं काही या शिकारीत नाही असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

तुमचा आठ टोकांचा नर डिकॉयला बिचकला नाही. कान मागे, केस उभे, ताठ पाय, म्हणजे तो भांडायच्या तयारीने आला होता. पण जाणता नर अनोळखी नरावर सहसा सरळ चालून जात नाही. जमेल तर आधी वळसा घालून वाऱ्याखाली जातो, म्हणजे समोरच्याचा वास वाऱ्याबरोबर आपल्याकडे येईल अशा बाजूला. वारा वायव्येचा, तेव्हा डिकॉयची वाऱ्याखालची बाजू आग्नेय, ओढ्याकडची. तो बरोबर तिथेच गेला. आता तुमची जागा बघा. तुम्ही डिकॉयच्या वायव्येला, वाऱ्यावर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला बसला होतात. तुमच्या अंगाचा वास डिकॉयवरून पुढे त्याच पट्ट्यात जात होता. तिथे पोचेपर्यंत त्याला सगळं पटलं होतं, आणि तिथे त्याला माणसाचा वास लागला.

म्हणून डिकॉयची जागा ठरवताना मी एकच गोष्ट आधी बघतो: त्याचा वास घ्यायला नर कुठे जाईल? ती जागा माझ्या आणि डिकॉयच्या मधे पडली पाहिजे. त्यासाठी डिकॉय वाऱ्यावर आणि स्टँड वाऱ्याखाली, दोघांत २० यार्ड. तुमच्या शेतात वायव्येच्या वाऱ्याला स्टँड आग्नेय कोपऱ्यात हवा, ओढ्याच्या काठावर. डिकॉय तिथून वायव्येला २० यार्डांवर, शेतात. नर रानातून येवो की पश्चिमेकडून, वास घ्यायला तो तुमच्या आणि डिकॉयच्या मधल्या पट्टीत उतरणार.

एक धोका राहतो: तो आणखी मोठा वळसा घालून तुमच्याही मागून आला तर. अंतर कमी ठेवायचं एक कारण हे. डिकॉय ४० यार्डांवर असला तर वळसाही मोठा होतो. दुसरं, तुमच्या पाठीमागे असं काहीतरी हवं जिथून हरीण सहज चालत नाही. ओढ्याचा काठ उभा, कोसळलेला असेल तर फार छान. तिथे आधी माग बघून या. काठावर पायवाट आणि ताजे खूर दिसले तर तो कोपरा सोडा आणि काठाकाठाने दुसरी जागा शोधा.

टेकड्यांमध्ये आणखी एक वारा असतो आणि तो हवामानाच्या अंदाजात दिसत नाही. संध्याकाळी मोठा वारा पडला की थंड होणारी हवा उतारावरून खाली वाहायला लागते. ओढ्याकाठी बसलात तर शेवटच्या अर्ध्या तासात तुमचा वास ओढ्यात उतरेल, शेतावर जाणार नाही. सकाळी उलटं. ऊन चढलं की हवा खालून वर सरकते आणि तोच कोपरा तुमचा वास सगळ्या शेतावर पसरवतो. त्यामुळे ही जागा संध्याकाळचीच समजा. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा आणि अधूनमधून चिमूटभर हवेत सोडून बघा. अंदाज बांधण्यापेक्षा ते खात्रीचं.

आता तोंड. नर दुसऱ्या नराला समोरून भिडतो, डोळ्याला डोळा लावून. मादीकडे तो मागून जातो. यावरून सगळं ठरतं. नर डिकॉय असेल तर त्याचं तोंड तुमच्याकडे, किंचित तिरकं. खरा नर वळसा घालून त्याच्या तोंडासमोर येतो, म्हणजे तुमच्या आणि डिकॉयच्या मधे, १५ यार्डांच्या आसपास, आणि तुमच्याकडे त्याची पाठ किंवा तिरकी बाजू असते. नजर डिकॉयवर खिळलेली, त्यामुळे धनुष्य ओढताना वर बघण्याची शक्यता कमी. पाठमोरा तिरका उभा असताना बाण बरगड्यांच्या मागून शिरून पुढच्या खांद्याच्या दिशेने छातीतून जातो, यापेक्षा चांगला कोन मिळत नाही. मादी डिकॉय असेल तर तिची पाठ तुमच्याकडे ठेवा, कारण तो तिच्या मागे येणार.

तुम्ही तोंड रानाकडे ठेवलंत, आणि माद्या का बिथरल्या त्याचं एक कारण तिथेच आहे. रानाच्या काठावर येऊन कुणीतरी एकटक आपल्याकडे बघतंय, हलत नाही, कान फिरवत नाही, म्हणजे हरणाच्या भाषेत काहीतरी चुकतंय. ती पाय आपटते, मान खाली करून पटकन वर करते, ते समोरच्याने हालचाल करावी म्हणून. खरं हरीण प्रतिसाद देतं, प्लास्टिक देत नाही, आणि शंका पक्की होते. तोंड त्यांच्या वाटेकडे नसलं तर त्या बऱ्याचदा दुर्लक्ष करून चरायला लागतात. तरी वयस्कर मादी डिकॉयला सोकावत नाही हे लक्षात ठेवा. ज्या दिवशी मादीचा परवाना वापरायचा असेल त्या दिवशी डिकॉय घरीच ठेवलेला बरा.

यावरूनच वेळेचं उत्तर. हंगामभर अजिबात नको. इथल्या रटची (हरणांच्या माजाच्या काळाची) वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते, त्यामुळे थंडी लवकर पडो की उशिरा, तारखा फारशा हलत नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांपर्यंत नर माद्या शोधत फिरत असतो, अजून कुणी मिळालेली नसते आणि दुसरा नर दिसला की त्याचं डोकं फिरतं. तो डिकॉयचा काळ. त्यानंतर बऱ्याच माद्या एकदमच माजावर येतात आणि प्रत्येक मोठा नर एकेका मादीला धरून दाट झुडपात बसतो. तेव्हा उघड्या शेतात तुमच्या प्लास्टिकच्या नराशी भांडायला त्याला सवड नसते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून ठेवलात तर फायदा काही नाही, फक्त माद्यांना त्या शेताचा संशय येतो.

जागा उघडी हवी हे तुमचं बरोबर आहे. दाट रानात नर पाच-दहा पावलांवर अचानक डिकॉयसमोर आला तर दचकतो. लांबून दिसला की त्याला ठरवायला वेळ मिळतो आणि तो ठरवून येतो. त्यामुळे कापलेलं शेत, कुरण, आखूड गवत. डिकॉयचे पाय तरी दिसलेच पाहिजेत. गवतात पोटापर्यंत बुडालेला डिकॉय लांबून झुडूपच वाटतो.

शिंगांबद्दल: एक शिंग काढून टाका. दोन्ही शिंगांचा मोठा नर बघून दीड-दोन वर्षांचे नर लांब राहतात, आणि मोठ्यालाही समोरचा आपल्यापेक्षा कमी वाटला तर तो बिनधास्त येतो. डिकॉय तरणा, अंगाने बेताचा, पण भाव खाणारा दिसावा.

आवाज मी फार कमी करतो. नर लांबून जात असेल आणि त्याने डिकॉय पाहिलाच नसेल तर ग्रंट कॉल (नराचा घोगरा आवाज काढायची शिट्टी) एकदा, फार तर दोनदा, तोही तो दुसरीकडे बघत असताना. एकदा त्याची नजर डिकॉयवर पडली की गप्प. आवाज झाडावरून आला आणि हरीण जमिनीवर दिसलं तर जे जुळून आलं होतं ते तुम्हीच मोडता.

शेवटी बाणाचं. केस फुलवून, डोकं खाली घालून तो डिकॉयवर धडकणार असं दिसलं की ते बघत राहावंसं वाटतं. बघू नका. धडकला आणि डिकॉय आडवा पडला की तो कुठल्या दिशेला उडी घेईल सांगता येत नाही. त्याआधी तो आडवा किंवा पाठमोरा तिरका होऊन थांबतो, तेवढ्यात बाण सुटला पाहिजे. समोरून छाती दिसत असेल तर थांबा, वळेपर्यंत. आणि बाण लागल्यावर तो दिसेनासा झाला तरी किमान अर्धा तास झाडावरून उतरू नका. बाण पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. घाईने मागे लागलं की जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. जनावराच्या बाबतीत एवढं तरी आपण केलंच पाहिजे.

तळ्याकाठी

वर सगळं छान आलंय. मी मिनेसोटात आहे आणि मला हे लिहायचं होतं.

आमच्याकडे बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लागतो, ऐन रटमध्ये. तेव्हा मी डिकॉयला हात लावत नाही, धनुष्य घेऊन जातानाही नाही. ओकवरचा यांच्या आयोवात बंदुकीचे मुख्य हंगाम डिसेंबरात, म्हणून तिथे नोव्हेंबरात धनुर्धारी निवांत असतात. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. कडेकपारी, त्याआधी डिकॉय घरात गेला पाहिजे. त्या नऊ दिवसांत धनुष्यवाल्यालाही कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा भाग झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी लागतो, ते कायद्यातच आहे.

काही राज्यांत वॉर्डन (वन्यजीव अधिकारी) रस्त्याकडेला डिकॉय हरीण उभं करतात, मान आणि शेपूट हलणारं. गाडीतून गोळी झाडणारे चोरटे शिकारी त्यावर गोळ्या घालतात आणि पकडले जातात. म्हणजे पन्नास-शंभर यार्डांवरून माणसाच्या डोळ्याला ते पूर्ण खरं वाटतं. आता विचार करा, तेच प्लास्टिकचं हरीण तुम्ही खांद्यावर घेऊन पहाटेच्या अंधुक उजेडात शेत ओलांडताय.

त्यामुळे: न्यायचा तो सुटा करून, डोकं आणि शिंगं वेगळी, सगळं नारिंगी पिशवीत. लावताना आणि काढताना अंगावर नारिंगी. संध्याकाळी उतरताना टॉर्च लावूनच. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, त्यामुळे शिकारीचं काही बिघडत नाही. आणि स्टँडवरून डिकॉयच्या पलीकडचं दिसलं पाहिजे. तिकडून कुणी माणूस येताना दिसला तर हात हलवू नका, सरळ बोला, मोठ्याने. शेतकऱ्याकडे दुसऱ्या कुणाला परवानगी आहे का ते विचारून त्यालाही डिकॉयची जागा सांगून ठेवा.

रानजाई

मी विस्कॉन्सिनमध्येच, पण बऱ्याचदा सरकारी जमिनीवर जाते, त्यामुळे घडीचा, कापडावर छापलेला डिकॉय वापरते. पाठीवरच्या पिशवीत मावतो. त्याची अडचण अशी की तो चपटा असतो. नर वळसा घालायला लागला की एका क्षणी त्याला फक्त कड दिसते आणि हरीण नाहीसंच होतं. दोन घडीचे डिकॉय एकमेकांना तिरके लावले तर कुठल्याही बाजूने एक तरी दिसतो. माझी आवडती जोडी म्हणजे बसलेली मादी आणि तिच्याजवळ उभा छोटा नर. मोठ्या नराला वाटतं की या पोराने मादी धरून ठेवली आहे. वाऱ्यात कापड फडफडतं म्हणून चारही खुंट्या ठोका. वादळी दिवशी कडक प्लास्टिकचाच बरा.

शेपटीला पांढऱ्या कापडाची छोटी पट्टी बांधतात ती मीही बांधते, पण फक्त खासगी जमिनीवर आणि फक्त धनुष्याच्या दिवसांत. शेपटीची हलकी हालचाल हरणाला "सगळं ठीक आहे" असं सांगते. पट्टी लांब झाली आणि वर उडायला लागली की तीच खूण धोक्याची होते, कारण पळणारं व्हाइटटेल शेपूट उभारून पांढरा भाग दाखवतं. बोटभर पट्टी पुरते.

वासाबद्दल कुणी लिहिलं नाही. बाजारात मिळणारं हरणाचं मूत्र मी वापरत नाही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांना खंगवून मारणारा मेंदूचा रोग) विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांत २००२ मध्ये सापडला आणि तुमचा-माझा भाग त्याच्या मध्यावर आहे. त्याचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळ, मूत्र, विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. व्हर्जिनियाने २०१५ पासून खऱ्या मूत्राचा वापर बंदच केला, इतरही काही राज्यांत बंदी आहे. राज्याची नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा. माझ्या मते डिकॉयला वास लावण्यापेक्षा त्याला आपला वास न लागू देणं जास्त महत्त्वाचं. आणि मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्या, निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका.

कडेकपारी

सगळ्यांचे खूप आभार. काल दुपारी जाऊन ओढ्याचा काठ बघून आलो. आग्नेय कोपऱ्यात तो दोन पुरुष उंच आणि सरळ तुटलेला आहे, माग एकही नाही. हरणं पश्चिमेला, जिथे काठ बसका आहे, तिथून उतरतात. एक सरळ बुंध्याचं बासवुडचं झाड आहे, स्टँड लागेल. शेतकऱ्यालाही विचारलं, धनुष्याच्या हंगामात दुसरं कुणी नाही.

ओकवरचे काका, आणखी तीन गोष्टी विचारतो. डिकॉय रात्रभर शेतातच ठेवला तर चालेल का, रोज नेण्या-आणण्याचा आवाज होतो. त्याला आपला वास लागू नये म्हणून काय करता? आणि शिंग काढायचं ते डावं की उजवं?

ओकवरचा

जागा उत्तम वाटते. स्टँड दुपारीच लावून या आणि मग काही दिवस त्या कोपऱ्याकडे फिरकू नका.

रात्रभर ठेवू नका. रात्री हरणं येऊन त्याला हुंगतात, चाटतात, धडका देतात, आणि हे काही खरं नाही असं एकदा कळलं की दिवसा त्याचा उपयोग उरत नाही. रोज त्याच जागी लावणंही मी टाळतो. वारा बरोबर असेल त्याच संध्याकाळी, आणि एकदा लावल्यावर मधे दोन-चार दिवस जाऊ देतो. वारा आग्नेयेचा किंवा पूर्वेचा असेल तर त्या कोपऱ्यात बसूच नका, डिकॉय असो वा नसो.

आवाज होतो तो पाय बसवताना. सांध्यांना कापडी चिकटपट्टी गुंडाळा, खडखड थांबते. दुपारी लवकर जा, हरणं उठायच्या आत.

वासासाठी: घरात, गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनजवळ ठेवू नका. मी तो मागच्या शेडबाहेर छपराखाली टांगून ठेवतो. वापरण्याआधी बिनवासाच्या साबणाने धुवून वाळवतो आणि मग रबरी हातमोज्यांशिवाय हात लावत नाही. रबरी बूट घालूनच डिकॉयपर्यंत जायचं, आणि जायची वाट अशी निवडायची की नर ती ओलांडणार नाही. तुमच्या बाबतीत ओढ्याच्या पात्रातून चालत येऊन काठावर चढता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

शिंग: ज्या बाजूने नर यावा असं वाटतं त्या बाजूचं काढा. डिकॉय किंचित तिरका ठेवल्यावर त्याची जी बाजू तुमच्या जास्त जवळ येते, तिकडचं. शिंग नसलेल्या बाजूने आलेले नर मी जास्त पाहिलेत. आणि कान. तुमच्या डिकॉयचे कान फिरवता येत असतील तर थोडे मागे करा, अगदी सपाट नको. पुढे ताठ केलेले कान म्हणजे धोक्याची चाहूल, आणि ते बघूनही माद्या थांबतात.